सिसिलीच्या स्वारीचा वाद

ग्रीक इतिहासकार थुसिडिडीझ याच्या ग्रंथाचें सहावें पुस्तक वाचतांना वाचकाची दृष्टि बहुधा अल्सिबायडीझवर खिळून राहते. तो तरुण, श्रीमंत व वाक्पटु. त्याच्या नादीं लागून अथेन्सच्या लोकांनीं सिसिलीवर स्वारी केली व आपला नाश ओढवून घेतला, असा या प्रकरणाचा अर्थ सामान्यतः लावण्यांत येतो. आम्हांस हा अर्थ अपुरा वाटतो. युद्ध वाढवावें असें म्हणणाऱ्यापेक्षां, वाढवूं नये असें म्हणणाऱ्याच्या हातून काय घडलें, आणि जे मुळींच बोलले नाहींत त्यांच्या मौनानें काय घडलें, हेंच ग्रंथकारानें अधिक मार्मिकपणें दाखविलें आहे.

प्रसंग असा. अथेन्स व स्पार्टा यांचें युद्ध इ. स. पू. ४३१ मध्यें सुरू झालें. ४२१ मध्यें निसियसच्या खटपटीनें तह झाला; पण तो नांवापुरताच होता. अशा स्थितींत सिसिलींतील एगेस्टा शहरानें शेजारच्या सेलिनसविरुद्ध अथेन्सची मदत मागितली व खर्च सोसण्याचें वचन दिलें. चौकशीस गेलेल्या वकिलांस एगेस्टाकरांनीं देवळांतील चांदीचीं पात्रें दाखविलीं. मेजवान्यांतून उसनीं आणलेलीं तींच तीं सोन्यारुप्याचीं भांडीं घरोघर फिरविलीं. ४१५ च्या वसंतांत ६० जहाजांचा एक महिन्याचा पगार म्हणून ६० टॅलंट चांदी आली आणि लोकसभेनें तितकीं जहाजें धाडण्याचा ठराव केला. निसियस, अल्सिबायडीझ व लामाकस हे सेनापति नेमले गेले. थोड्याच दिवसांनीं तयारीचा विचार करण्यासाठीं पुन्हा सभा भरली.

या सभेंतील निसियसचें पहिलें भाषण शहाणपणाचें आहे. निकाल लागलेला प्रश्न त्यानें पुन्हा उपस्थित केला, हें धैर्यच म्हटलें पाहिजे. घराजवळचे शत्रु तसेच आहेत, तह कच्चा आहे, थ्रेसकडील बंडखोर प्रजा अद्याप ताब्यांत आलेली नाहीं, आणि सिसिली जिंकली तरी इतक्या दूरचें बेट हातांत राहणें कठीण, हे त्याचे मुद्दे बिनतोड आहेत. परंतु मग तो नांव न घेतां अल्सिबायडीझच्या चैनीवर व कोवळ्या वयावर घसरतो, आणि वृद्धांनीं तरुणांस भिऊं नये असें आवाहन करितो. येथें वादाचा रोख बदलतो. सिसिलीस जावें कीं नाहीं हा प्रश्न मागें पडून अल्सिबायडीझ भला कीं बुरा हा प्रश्न पुढें येतो. आणि त्या आखाड्यांत त्याला चीत करणें सोपें नव्हतें. ऑलिंपियाच्या शर्यतींत आपण ७ रथ उतरवून पहिला, दुसरा व चौथा क्रमांक पटकाविला, हें त्यानें सभेस ऐकविलें. सिसिलींतील शहरें म्हणजे नाना लोकांची खिचडी, तीं एकदिलानें लढणार नाहींत, असेंही त्यानें सांगितलें. साम्राज्यानें कोठें थांबावें हें मोजूनमापून ठरवितां येत नाहीं. दुसऱ्यांवर राज्य केलें नाहीं तर दुसरे आपल्यावर करतील, हें त्याचें मुख्य म्हणणें. या म्हणण्याला सीमा नाहीं. ज्या तर्कानें सिसिली घ्यावयाची त्याच तर्कानें पुढचा देश, आणि त्याच्याही पुढचा.

या तर्काचें खंडन करण्याची संधि निसियसला होती. ती त्यानें कशी घालविली, हें पाहण्यासारखें आहे. लोकांचा कल पाहून त्यानें सरळ विरोध सोडला व एक युक्ति योजिली. स्वारीच्या तयारीचा आंकडाच असा फुगवावयाचा कीं तो ऐकून लोक कचरतील. एखाद्या घरीं ऐपतीबाहेरच्या लग्नाचा बेत चालला असतां मनांतून विरुद्ध असलेल्या काकांनीं ‘हें लग्न नको’ असें न म्हणतां खर्चाची भली मोठी यादी पुढें करावी, आणि मंडळींनीं ‘काका म्हणतात तसेंच होऊं द्या’ म्हणून ती आनंदानें मान्य करावी, तसा प्रकार झाला. एक गृहस्थ उठून म्हणाला, आढेवेढे पुरेत, किती बळ पाहिजे तें आतांच सांगा. निसियसनें नाइलाजानें १०० हून कमी जहाजें नकोत व ५,००० हून कमी पायदळ नको, असा आंकडा दिला. सभेनें तत्काळ सेनापतींस पूर्ण अधिकार दिले. पुढें कॉर्सायरा येथें आरमार जमलें तेव्हां त्यांत १३४ जहाजें होतीं. जें साहस फसलें तरी शहरास झेपलें असतें, तें विरोधकाच्या चातुर्यानें सर्वस्वाचा जुगार होऊन बसलें.

याच ठिकाणीं ग्रंथकार एक गोष्ट ओझरती सांगून जातो. आम्हांस ती साऱ्या पुस्तकाचें मर्म वाटते. उत्साहाच्या त्या लाटेंत ज्यांना स्वारी पसंत नव्हती ते, आपण हात वर केला तर देशद्रोही ठरूं या भीतीनें, गप्प बसले. ग्रंथकारानें त्यांना नांव दिलें नाहीं, भाषण दिलें नाहीं. वास्तविक थुसिडिडीझ त्या सभेंत हजर नव्हता; ४२४ पासून २० वर्षें तो हद्दपारींत होता, आणि ग्रंथांतील भाषणें प्रसंगास उचित अशीं आपण रचलीं हें त्यानें स्वतःच कबूल केलें आहे. मनांत आणतें तर या मुक्यांसही त्यानें वाणी दिली असती. ती न देण्यांतच त्याची सचोटी दिसते.

मात्र एक विसंगति दाखविल्यावांचून राहवत नाहीं. दुसऱ्या पुस्तकांत तो म्हणतो कीं, स्वारीचा बेत तितकासा चुकला नव्हता; मागें राहिलेल्यांनीं आपसांतील भांडणांपायीं तिची नीट पाठराखण केली नाहीं, हा खरा दोष. सहाव्या पुस्तकाच्या आरंभीं तोच सांगतो कीं, बहुतेकांस त्या बेटाचा विस्तार व लोकवस्तीही ठाऊक नव्हती. आम्हांस दुसऱ्या पुस्तकांतील निर्णय पटत नाहीं. निसियसनें सिसिलीहून पत्र धाडून, सैन्य परत बोलवा नाहीं तर तितकेंच दुसरें पाठवा, असें कळविलें, तेव्हां लोकांनीं दुसरें सैन्य रवाना केलें. पाठराखण झाली; तिनें नुकसान मात्र दुणावलें.

हा दोष केवळ अथेन्सचा नव्हे. १९६४ च्या ऑगस्टांत आग्नेय आशियांत बळाचा उपयोग करण्याची मोकळीक अध्यक्षांस देणारा ठराव अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानें ४१६ विरुद्ध ० व सेनेटनें ८८ विरुद्ध २ मतांनीं संमत केला. चर्चेंत शंका काढणाऱ्यांनींही शेवटीं अनुकूल मत दिलें. १९७० सालीं तेंच युद्ध कंबोडियांत शिरलें. ठराव रद्द झाला तो १९७१ मध्यें.

इ. स. पू. ४१३ मध्यें अथेन्सचें सारें सैन्य सिराक्यूझपाशीं बुडालें. निसियस मारला गेला. निदान ७,००० कैदी दगडांच्या खाणींत कोंडले गेले. ही वार्ता घरीं पोंचली तेव्हां लोक वक्त्यांवर संतापले, जणूं आपण स्वतः मत दिलेंच नव्हतें. त्या संतापलेल्यांत त्या दिवशीं मनांतून ‘नको’ म्हणणारेही असतीलच. परंतु त्यांचें ‘नको’ कोणाच्याही कानीं पडलें नव्हतें, म्हणून तें मोजलेंही गेलें नाहीं.