दार लावून घेण्याचा कायदा

इंग्लंडमध्ये 23 जानेवारी 2023 पासून लागू झालेल्या अग्निसुरक्षा नियमांतला दहावा नियम मी पुन्हा पुन्हा वाचतो. विषय दारांचा आहे. रहिवासी इमारतीतली अग्निरोधक दारं कुणी तपासायची, किती महिन्यांनी तपासायची, तपासता आलं नाही तर काय करायचं, आणि रहिवाशांना काय सांगायचं, एवढंच त्यात सांगितलं आहे. विशेषणं नाहीत, उपदेश नाही. तरी चांगल्या कथेत दोन-चार वाक्यांत पात्रं उभी राहावीत तशी इथे माणसं दिसू लागतात: इमारतीची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो, नुकतंच सामान लावून झालेला नवा रहिवासी, आणि कितीदा बेल वाजवली तरी दार न उघडणारा.

या मजकुरामागे ग्रेनफेल टॉवर आहे. 14 जून 2017 ला मध्यरात्र उलटल्यावर पश्चिम लंडनमधल्या या 24 मजली इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात आग लागली. बाहेरच्या आवरणावरून ती वर चढली आणि 72 माणसं गेली. त्या आवरणाबद्दल जगभर बोललं गेलं, ते योग्यच होतं. पण सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा ऑक्टोबर 2019 मधला पहिला अहवाल दारांपाशीही थांबतो. इमारतीत धूर आणि विषारी वायू पसरायला नको होते इतक्या वेगाने पसरले, कारण अनेक दारं आपोआप बंद झालीच नाहीत. काहींचे क्लोजर, म्हणजे दार आपोआप मिटवणारी साधनं, तुटलेले होते, काहींचे काढून टाकलेले. जीव घेऊन पळणारा माणूस मागे वळून दार लावत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणंही क्रूरपणाचं आहे. ते काम दारानेच करायचं असतं. ग्रेनफेलमध्ये उतरायला जिना एकच होता, म्हणून उघडं राहिलेलं प्रत्येक दार वरच्या सगळ्यांचं दार होतं.

नियमाची पकड इथेच जाणवते. तपासणीत क्लोजर चालतो की नाही हे पाहायलाच हवं, हे तो स्पष्ट शब्दांत लिहितो. बाकी बारकावे तपासणाऱ्याच्या समजुतीवर सोडतो, आणि ते बारकावे सुंदर आहेत. दार थोडंसंच उघडून सोडून द्यायचं. कुणी न ढकलता ते चौकटीत जाऊन बसलं पाहिजे आणि लॅच लागला पाहिजे. पायपुसण्याला किंवा गालिच्याला अडून ते बोटभर उघडं राहिलं तर नापास. पल्ला आणि चौकट यांतली फट बाजूंनी आणि वर साधारण तीन मिलिमीटर असावी. तिथले लोक एक पौंडाचं नाणं सरकवून तिचा अंदाज घेतात. चौकटीच्या खाचेतली पट्टी उष्णतेने फुगून ती फट बुजवते, पण रंगारी तिच्यावर हात फिरवून गेला असेल किंवा ती उखडली असेल तर तिच्यावर विसंबता येत नाही. सोबतची ब्रशसारखी कड थंड धूर अडवते. बिजागरीचे स्क्रू सगळे जागेवर आहेत का? कुलूप बदलताना जुनं भोक तसंच राहिलं का? तीस मिनिटं आग थोपवण्याचा दाराचा शब्द अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर टिकून असतो. ही नियमित तपासणी साध्या नजरेने करायची आहे, त्यासाठी तज्ज्ञ बोलवावा लागत नाही, हे सरकारी मार्गदर्शनातही म्हटलं आहे. मला यातला विश्वास आवडतो.

नियमाचा पहिला भाग मात्र माझा सर्वांत आवडता, आणि तो तपासणीबद्दल नाहीच. रहिवाशाला तीन गोष्टी सांगा, असं तो जबाबदार व्यक्तीला बजावतो: वापरात नसेल तेव्हा दार बंद ठेवा, क्लोजरशी खेळू नका, बिघाड दिसला की लगेच कळवा. हे माणूस राहायला आला की लवकरात लवकर सांगायचं, आणि नंतरही बारा महिन्यांच्या आत पुन्हा पुन्हा. माणसं विसरतात हे गृहीत धरून, त्यांना दोष न देता लिहिलेलं हे कलम आहे. आपल्याकडे महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. फॉर्म वेळेवर जातो, आणि त्याच सोसायटीत जिन्याच्या दाराला वीट लावलेली दिसते, कारण दार का मिटायला हवं हे नव्या भाडेकरूला कुणी सांगितलेलंच नसतं.

मग येतात दोन शेजारी कलमं, आणि त्यांचा स्वर ऐकण्यासारखा आहे. 11 मीटरहून उंच इमारतीत सामायिक जागेतली दारं दर तीन महिन्यांनी तपासा: सरळ आज्ञा. घरांची प्रवेशदारं वर्षातून एकदा तरी तपासण्याचा शक्य तेवढा सगळा प्रयत्न करा: इथे आज्ञा उंबऱ्याशी थबकते. घर दुसऱ्याचं आहे, आत शिरता येत नाही, हे कायद्याला ठाऊक आहे. पण तो हार मानत नाही. आत येऊ दिलं नाही तर प्रवेशासाठी काय काय केलं त्याची नोंद ठेवा, असं लगेच सांगतो. न उघडलेल्या दारालाही वहीत जागा मिळते. पुढच्या तपासणीला कुठे आधी जायचं ते तिथूनच कळतं.

तरीही चौकशी अहवालाशेजारी ठेवून वाचला की हा नियम उणा वाटतो. मूर-बिक यांनी इमारत उंच असो वा नसो, सगळ्या अग्निरोधक दारांचे क्लोजर किमान दर तीन महिन्यांनी तपासायला सांगितलं होतं. घराच्या दारासाठी तीनाचे बारा महिने झाले, आणि मध्ये 11 मीटरची रेघ आली. तिच्याखालच्या इमारतीला 2005 च्या मूळ अग्निसुरक्षा आदेशातली देखभालीची सर्वसाधारण जबाबदारी आहे, पण या नियमाची ठरावीक मुदत नाही. धूर उंची मोजून जिन्यात शिरत नाही. ज्या मजकुराने माणसाचं विसरणं इतकं नीट ओळखलं, त्याने तीन मजली घरातल्या क्लोजरचं सैल होणं नशिबावर सोडावं, हे मला मान्य नाही. ही रेघ पुसली पाहिजे.