गणितेतिहासाचीं जालस्थ साधनें : परीक्षण

गणिताच्या इतिहासाचीं जीं साधनें आंतरजालावर आज विनामूल्य मिळतात, त्यांचें परीक्षण बारामती-इंदापुराकडील पोथीसंग्राहकांच्या दृष्टीनें येथें करावयाचें आहे. कोलब्रुकचें १८१७ चें ‘लीलावती’चें इंग्रजी भाषांतर, किंवा गणेश दैवज्ञांची ‘बुद्धिविलासिनी’ व महीधरांचें विवरण यांसह आनंदाश्रमानें १९३७ सालीं छापलेली ‘लीलावती’, हीं पुण्यास न जातां वाचावयास मिळतात, हा लाभ लहान नव्हे. स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचा ‘मॅकट्यूटर’ हा चरित्रसंग्रहही आरंभास उपयुक्त आहे.

परंतु छापील मूळ ग्रंथ व त्यांवर रचलेलीं वृत्तें यांची योग्यता एक नव्हे. लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या, घटिकापात्रांत मोतीं पडल्यामुळें तिचा विवाहमुहूर्त चुकला, ही कथा जालावर जागोजाग आढळते. ती मूळ ग्रंथांत नाहीं. फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरांतून ती पसरली. उलट चाळीसगांवानजीक पाटण येथील शिलालेख भास्करांचा पुत्र लक्ष्मीधर व नातू चांगदेव यांचीं नांवें देतो, आणि भास्करांचे ग्रंथ शिकविण्याकरितां चांगदेवानें मठ स्थापिला असें सांगतो. त्या लेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठींत आहेत. कीलहॉर्न यांनीं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडांत छापलेला हा लेख जालावर उपलब्ध असतां कथेचीच आवृत्ति होत राहावी, हें नवल होय.

दुसरें न्यून याहून मोठें आहे. पिंग्री यांची संस्कृत गणित-ज्योतिष ग्रंथांची पांच खंडांची सूचि (१९७०-१९९४) अमोल आहे खरी; पण तिची मांडणी ग्रंथकारांच्या नांवांवर आहे. पंतोजींच्या शाळेंतील पावकी, निमकी, सवायकी, औटकी यांच्या उजळण्यांना किंवा कुळकर्ण्याच्या दप्तरांतील हिशेबाच्या मोडी कागदांना कर्त्याचें नांवच नसतें. म्हणून त्यांना तेथें स्थान नाहीं. शास्त्राचा इतिहास सांपडतो. व्यवहारगणिताचा सांपडत नाहीं.

आमच्या भागापुरता हा विषय किरकोळ नाहीं. शिवकालीन मोजणींत पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस बिघा व १२० बिघ्यांचा चाहूर धरीत. पुढें प्रिंगल यांची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं नवी पाहणी सुरू केली ती इंदापूर तालुक्यांतच. १८३६ सालीं तेथें तीस वर्षांचा सारा ठरला, व मुंबई इलाख्यांतील पुढील पाहण्यांना तो नमुना झाला. बिघ्याचा हिशेब सुटून ४० गुंठ्यांच्या एकराचा हिशेब गांवांत कसा रुळला, कुळकर्ण्यानें तो कोणत्या रीतीनें केला, हें सरकारी अहवालांवरून पुरतें कळत नाहीं. तें कळलें तर गांवच्या दप्तरांतूनच कळेल.

संग्राहकांची दृष्टि मात्र सनदा, वतनपत्रें व काव्याच्या पोथ्या यांवर असते. मोरोपंतांच्या बारामतींत काव्याकडे ओढा असावा हें स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळें आंकड्यांचे कागद रद्दींत जाऊं नयेत. असा कागद मिळाल्यास गांव, कागदावरील शक वा सन, मापें व आरंभ-शेवट यांची टिपणी करावी, स्वच्छ छायाचित्र घ्यावें, आणि मगच तो जालावर ठेवावा. टिपणीवांचून ठेवलेलें चित्र शोधणाऱ्यास सांपडत नाहीं. जालावर नाहीं म्हणून वस्तुच नाहीं, असें अनुमान मात्र कोणीं काढूं नये.