अपोलोचे पंख वाचताना

डोंगरातल्या फुलपाखरांत अपोलोइतकं देखणं आणि इतकं चकवणारं फुलपाखरू क्वचितच सापडेल. लिनियसने १७५८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. आजचं नाव पार्नासियस अपोलो. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्ल्यू मॉरमॉन हे त्याच्याच पॅपिलिओनिडी कुळातलं. स्पेनपासून मध्य आशियापर्यंतच्या डोंगररांगांत अपोलोची रूपं इतकी पालटतात, की अभ्यासकांनी त्याच्या २००हून अधिक उपप्रजाती नोंदवल्या. त्यांतल्या कित्येकींचा आधार ठिपक्यांतला किरकोळ फरक एवढाच आहे.

आल्प्समध्ये जुलैच्या उन्हात, जांभळ्या काटेफुलावर पंख पसरून बसलेला नर जवळून पाहावा. पंख दुधाळ पांढरे. पुढच्या पंखांच्या बाहेरच्या कडेला खवले विरळ होत जातात आणि तेल लागलेल्या कागदासारखी ती कड अर्धपारदर्शक होते. त्याच पंखांवर ठसठशीत काळे ठिपके. मागच्या प्रत्येक पंखावर दोन लाल डोळे, भोवती काळं वलय, मध्ये बहुधा पांढरा ठिपका. अंगालगतचा भाग मात्र काळसर आणि केसाळ. ही काळोखी ऊन शोषून घेते, आणि थंड हवेत उडण्याआधी अंग तापवायला ती लागतेच. धोका जाणवला की अपोलो पंख झटक्यात उघडून हे लाल डोळे दाखवतो.

मादीच्या पंखांवर करड्या खवल्यांची छाया पसरलेली असते आणि लाल डोळे बरेचदा मोठे असतात. मीलनानंतर तिच्या पोटाखाली नराने बसवलेलं एक कडक आवरण दिसतं. ते असलं की दुसऱ्या नराशी मीलन सहसा होत नाही.

एवढं ठळक रूप असूनही घोटाळा होतो, कारण यातलं बरंचसं बदलतं. एकाच कुरणात ठिपके लहानमोठे असतात. उन्हात लाल रंग विटून नारिंगी होतो. स्पेनच्या सिएरा नेवाडात तर हे डोळे मुळातच पिवळट-नारिंगी असतात.

खरी कसोटी लागते ती फीबस हा भाऊबंद समोर आल्यावर. आल्प्समध्ये तो बहुधा जास्त उंचीवर, ओढ्यांच्या काठी भेटतो. त्याच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेजवळ सहसा लाल ठिपका असतो, अपोलोच्या तिथे काळा. पण ही खूणही दगा देते: काही फीबस नरांत तो लाल नसतो, तर एखाद्या अपोलोत उमटलेला असतो. अशा वेळी नजर शृंगिकांकडे न्यावी. फीबसच्या शृंगिका पांढऱ्या, त्यांवर काळी वलयं स्पष्ट. अपोलोच्या करड्या, वलयं पुसट. नेमोसिनी हा तिसरा सोबती. त्याच्या पंखांवर लाल रंगच नसतो, त्यामुळे त्याच्याबाबत प्रश्न उरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: अपोलोचं सौंदर्य त्या लाल डोळ्यांत आहे, पण त्याची ओळख एकट्या लाल रंगावर सोपवू नये. ठिपक्याची जागा, शृंगिका आणि भेटीचं ठिकाण या तिन्हींची साक्ष एकत्र घ्यावी. आल्प्समध्ये जाणाऱ्यांनी जाळी घरीच ठेवावी. अनेक देशांत अपोलोला कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. फोटो मात्र जरूर काढावा, आणि तो काढताना शृंगिका फोकसमध्ये येतील याची काळजी घ्यावी.