मारिओची उडी आणि आपली प्रयोगवही

या वेळी परीक्षणासाठी पुस्तकाऐवजी एक खेळ घेतला आहे. ‘सुपर मारिओ लँड’ हा व्हिडिओ गेम निंतेन्दो या कंपनीने २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये बाजारात आणला. ‘गेम बॉय’ हे हातात धरून खेळायचे यंत्रही त्याच दिवशी आले. पुढे या खेळाच्या जगभरात सुमारे १ कोटी ८० लाख प्रती खपल्या. आपल्याकडे गेम बॉय फार थोड्या घरांत पोचला. नव्वदच्या दशकातल्या आपल्या मुलांना मारिओ भेटला तो टीव्हीला जोडायच्या यंत्रातून आणि त्यात खुपसायच्या ‘कॅसेटीं’तून. पण त्या पिढीची मुले आता पालक आणि शिक्षक झाली आहेत, आणि त्यांची मुले मोबाइलवर त्याच जातीचे खेळ खेळत आहेत. उड्या मारत डावीकडून उजवीकडे जायचे, खड्डे चुकवायचे, शत्रूच्या डोक्यावर पाय द्यायचा.

शिरूरला विज्ञान शिक्षकांशी बोलत असताना एका बाईंनी विचारले, “सर, हवेतल्या हवेत दिशा बदलणारा हा बुटका दिवसभर पाहिल्यावर मुलांना न्यूटन कसा पटायचा?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ‘खेळ वाईट’ किंवा ‘खेळ चांगला’ असे एका शब्दात देऊन भागणार नाही. खेळ उघडून पाहायला हवा.

आधी आरोप मान्य करून टाकू. मारिओच्या जगात पदार्थविज्ञानाची पुरती वाट लागलेली आहे. आपण उडी मारली की पाय जमीन सोडतात त्या क्षणीच उडीचे भवितव्य ठरते. नंतर कितीही हातपाय झाडले तरी शरीराचा गुरुत्वमध्य ठरलेल्या मार्गानेच जाणार. मारिओ मात्र हवेत असताना मागे वळू शकतो. त्याला ढकलणारे बल कोठून आले, हे विचारायची सोय नाही. बटण जास्त वेळ दाबून धरले तर उडी जास्त उंच जाते, म्हणजे जमीन सुटल्यानंतरही तो जमिनीकडून काही तरी मिळवतच असतो! आणखी एक गंमत आहे. उडी मारल्यावर तो कमानीतून खाली येतो, पण कड्यावरून नुसता चालत गेला तर धोंड्यासारखा थेट कोसळतो. खऱ्या जगात स्थिर अवस्थेतून सोडलेली वस्तू समान कालखंडांत १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतरे कापते, हे गॅलिलिओने दाखवले. येथे कोसळणे पहिल्यापासूनच पूर्ण वेगाने आहे. या जगातले गुरुत्व, तुम्ही जमीन कशी सोडलीत ते पाहून वागते.

एवढे सगळे चुकीचे असूनही एक गोष्ट कौतुकाची आहे. फूल मिळाले की मारिओच्या हाती एक चेंडू येतो. त्याचे नाव ‘सुपरबॉल’. तो फेकला की ४५ अंशांत जातो, भिंतीवर आणि जमिनीवर आपटून पुन्हा ४५ अंशांत परततो, आणि वेग तसूभरही कमी होत नाही. खऱ्या रबरी चेंडूची प्रत्येक टप्प्याला थोडी ऊर्जा खर्च होते, कॅरमचा स्ट्रायकर पावडर टाकूनही शेवटी थांबतोच. या चेंडूवर गुरुत्व चालत नाही, घर्षण चालत नाही. चेंडू म्हणून तो खोटा आहे, पण प्रकाशकिरण म्हणून जवळजवळ खरा! आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात हे आपण आरसा, टाचण्या आणि ड्रॉइंग बोर्ड घेऊन शिकवतो. कोपऱ्यातल्या नाण्यापर्यंत चेंडू पोचवायला आपण कोठे उभे राहायचे, हे चौथीतले मूलसुद्धा चार-पाच फेकींत ओळखते. कोनाचे नाव त्याला ठाऊक नसते, एवढेच.

आता यंत्राकडे वळू, कारण या खेळाचे बरेचसे गुणदोष तेथून आले आहेत. पडद्यावर १६० गुणिले १४४ ठिपके, करड्या-हिरव्या छटा फक्त चार, आणि मागून उजेड नाही. चार पेन्सिल सेलवर चालणारे हे यंत्र लोडशेडिंगमध्येही सुरू राहायचे, पण कंदील जवळ घेतल्याशिवाय काही दिसायचे नाही. द्रवस्फटिकाचा तो पडदा मंद होता. वस्तू वेगाने हलली की मागे पुसट शेपूट राहायचे. संपूर्ण खेळ ६४ किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आजच्या मोबाइलने काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा खातो.

हे दारिद्र्य ठरवून पत्करलेले होते. यंत्रामागचे आणि या खेळामागचेही प्रमुख नाव गुनपेई योकोई यांचे. विद्युत अभियांत्रिकी शिकून ते १९६५ मध्ये निंतेन्दोत लागले, ते पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. जुने, स्वस्त झालेले, खाचाखोचा पुरत्या माहीत असलेले तंत्रज्ञान घ्यायचे आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग करायचा, हे त्यांचे सूत्र होते. गणकयंत्राच्या पडद्यापासून त्यांनी १९८० मध्ये खिशात मावणारे खेळ केले. ‘लिंक्स’ (१९८९) आणि ‘गेम गिअर’ (१९९०) ही प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे रंगीत आणि उजळ होती, पण सहा सेल काही तासांत संपवत. टिकला तो गेम बॉय. ज्या शाळांत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट असते, तेथल्या शिक्षकांना योकोई हे नाव माहीत असायला हरकत नाही. योकोई १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले.

मला या खेळातली सर्वांत मोलाची जागा वाटते ती पहिल्याच टप्प्यातल्या कासवाची. आधीच्या मारिओ खेळांत कासवावर पाय दिला की ते कवचात शिरायचे, आणि ते कवच लाथाडून पुढच्या शत्रूंना उडवता यायचे. मुरलेला खेळाडू येथेही तसेच करायला जातो. कासव दबते, कवच उरते, तो लाथ मारायला जवळ जातो आणि कवच बाँबसारखे फुटते! नवख्यापेक्षा जाणकाराचा जीव येथे आधी जातो. दुसऱ्या खेपेला तो पाय देऊन लांब सरकतो, तिसऱ्या खेपेला फुटायला किती वेळ लागतो ते मनात मोजतो. निरीक्षण, गृहीतक, गृहीतकाचा पराभव, नवे गृहीतक, आणि मग मोजमाप. सगळे अर्ध्या मिनिटात उरकते, आणि कोणी ‘चूक’ म्हणून लाल शाईने खूण करत नाही.

आता आपली प्रयोगवही समोर ठेवा. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. अनुमान बहुधा प्रयोगाआधीच फळ्यावर लिहिलेले असते. लोलकाचे निरीक्षण सूत्राशी जुळले नाही, तर पोरगे लोलकाकडे पुन्हा पाहत नाही, शेजाऱ्याच्या वहीत पाहते. साठ मुलांमध्ये एक लोलक असताना शिक्षक तरी काय करणार? हा दोष एकट्या शिक्षकाचा नाही. पण खेळात मूल वीस वेळा हरून एकविसाव्यांदा प्रयत्न करते, आणि त्याच मुलाला प्रयोगशाळेत एकदाही हरायची मुभा नसते, हा फरक मला अस्वस्थ करतो. मारिओमुळे न्यूटन बिघडेल ही भीती मला त्यापुढे लहान वाटते. मारिओच्या जगाचे नियम वेगळे आहेत, हे मुलांना पक्के ठाऊक असते. कड्यावरून उडी मारून हवेत वळायचा प्रयत्न कोणी करत नाही.

खेळाला झुकते माप देऊन मात्र चालणार नाही. यात पडदा फक्त पुढे सरकतो, मागे येत नाही. एखादी जागा निसटली तर परत जाऊन पाहता येत नाही. निरीक्षणाची सवय लावणाऱ्या खेळाने हे करावे, हे विचित्र आहे. बाराच टप्पे आहेत, सराईत हात तासाभराच्या आत सगळे संपवतो. पिरॅमिड, ईस्टर बेटावरचे दगडी पुतळे आणि चीन यांची जी खिचडी केली आहे, ती सहलीच्या जाहिरातीतली वाटते. याहून मोठी उणीव या जातीच्या सर्वच खेळांची आहे. प्रत्येक खड्डा ओलांडता येईल एवढाच रुंद केलेला असतो. उत्तर आहे, याची हमी करणाऱ्याने आधीच दिलेली असते. निसर्ग अशी हमी देत नाही. माझ्या प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने खपून ‘येथे काहीच नाही’ एवढेच हाती लागलेली कामे पुष्कळ आहेत, आणि तो अनुभव देणारा खेळ मी अजून पाहिलेला नाही.

१९९२ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात एक अवकाशातला टप्पा आहे. तेथे मारिओ सावकाश तरंगत उंच जातो आणि सावकाश खाली येतो. म्हणजे गुरुत्व कमी केले की उडी कशी बदलेल, हे करणाऱ्यांना चांगले कळत होते. पहिल्या भागातली मोडतोड अडाणीपणातून आलेली नाही, खेळणे सुखाचे व्हावे म्हणून केलेली आहे.

आठवी-नववीच्या वर्गासाठी एक काम सुचवतो. शिरूरहून पुण्याला जाणारी एसटी सरळ रस्त्यावर एका वेगाने चालली असताना नाणे सरळ वर उडवले, तर ते आपल्याच हातात परत पडते, हे मुलांना करून पाहू द्या. (कंडक्टरकडे सुटे मागताना नको.) मग मोबाइलवर असा एखादा खेळ लावा, मारिओला आडव्या सरकणाऱ्या फळीवर उभे करा आणि दिशेचे बटण न दाबता सरळ वर उडी मारायला लावा. तो फळीवरच उतरतो, की फळी पुढे निघून जाते? आधी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहायचा, आणि पाहून झाल्यावर तो खोडायचा नाही. दुसऱ्या मोबाइलने चित्रण करून ते संथ गतीने पाहिले, तर आलेख कागदावर उडीचा मार्गही काढता येईल. वेगवेगळ्या खेळांत उत्तर वेगवेगळे येण्याची शक्यता आहे.