रिझवान बरा होत नाही

वारंगा फाट्यावर गाडी थांबली की निम्मे प्रवासी खिचडी खायला उतरतात. इथून एक रस्ता नांदेडकडे, एक आखाडा बाळापूरवरून हिंगोलीकडे आणि एक हदगाववरून यवतमाळकडे जातो. त्यामुळे बाकड्यावर शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नसतो. काही वर्षांपूर्वी माझ्या शेजारी एक जोडपे बसले होते. सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा. तो हॉटेलातले चमचे टेबलाच्या कडेने एका रांगेत लावत होता. एखादा तिरका झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. आईच्या मांडीवर जाडजूड फाईल होती. मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे, असे निदान झालेले. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्याने त्यांना सांगितले होते की, कमरेच्या हाडातून मज्जा काढून तिच्यातल्या मूळपेशी पाठीच्या कण्यात टोचल्या की मूल बोलू लागते. मी शिक्षक आहे, एवढे कळल्यावर वडिलांनी विचारले, "भाईसाब, अच्छा हो जाता क्या ये?" रान विकायचे की नाही, हे जणू माझ्या उत्तरावर ठरणार होते.

मी काहीतरी गोलमोल बोललो. त्याची लाज आजही वाटते. पुढे गाडीत बसल्यावर मला आठवला तो 'माय नेम इज खान' या चित्रपटातला रिझवान.

12 फेब्रुवारी 2010 रोजी करण जोहर यांचा हा चित्रपट आला, तेव्हा आपण सगळ्यांनी तो एकाच कारणासाठी पाहिला. 11 सप्टेंबर 2001 नंतरच्या जगात खान आडनावाच्या माणसाचे काय होते, हे त्यात होते. त्यावर आपल्यात पुष्कळ चर्चा झाली. पण रिझवान नुसता खान नाही. त्याला अ‍ॅस्पर्जर आहे. 2013 पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हे नाव वेगळे उरले नाही, ते ऑटिझममध्येच समाविष्ट झाले. रिझवानच्या या दुसऱ्या ओळखीकडे आपण एक अभिनयाची लकब म्हणून पाहिले आणि सोडून दिले. आज तो चित्रपट पुन्हा पाहताना मला वाटते, त्याचे खरे बळ आणि खरी खोट दोन्ही तिथेच आहेत.

आधी बळ पाहू. हिंदी चित्रपटाला चमत्काराचे जुने वेड आहे. 'अमर अकबर अँथनी' (1977) आठवावा. अकबर साईबाबांसमोर गातो आणि आंधळ्या आईला दृष्टी येते. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात. असली टाळी 'माय नेम इज खान' मागत नाही. रिझवान सुरुवातीला जसा आहे, तसाच शेवटीही आहे. पिवळ्या रंगाची त्याला भीती वाटते, ती जात नाही. कुणी अंगाला हात लावलेला त्याला सोसत नाही. बोरिवलीतली त्याची आई (जरीना वहाब) मुलाला घेऊन दारोदार औषध शोधत हिंडत नाही, ती त्याच्यासाठी शिकवणारा शोधते. 1983 च्या दंगलीच्या काळात माणसांची चांगली आणि वाईट अशी दोनच जातकुळी असते, हे ती त्याला चित्र काढून समजावते. त्याला कळेल असा मार्ग काढणे हे आपले काम आहे, हे त्या माउलीला कुठल्याही तज्ज्ञाने सांगितलेले नसते. आपल्या पडद्यावर अशी आई क्वचित दिसते.

आता खोट. हा माणूस आहे तसा पुरेसा आहे, यावर चित्रपटाचाच विश्वास टिकत नाही. रिझवानला काहीही दुरुस्त करता येते. तो जॉर्जियातल्या बुडत्या गावात धावून जातो आणि शेवटी अमेरिकेच्या अध्यक्षांपर्यंत पोहोचतो. इतके केल्यावर जग त्याला आपले म्हणते. म्हणजे खानाने आधी आपला निष्पापपणा सिद्ध करायचा आणि स्वमग्न माणसाने आपली विलक्षण बुद्धी. ही अट आपल्या चांगल्या ओळखीची आहे. भाड्याने घर मागताना 'तुम्ही तसे वाटत नाही' हे वाक्य ज्याने ऐकले आहे, त्याला सशर्त स्वीकार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. तरीही हीच अट आपण आपल्या घरातल्या लेकराला घालतो, तेव्हा ती आपल्याला दिसत नाही.

वारंगा फाट्यावरच्या त्या फाईलमध्ये हीच अट होती, फक्त तिच्यावर दवाखान्याचा शिक्का होता. मूळपेशींचे उपचार काही रक्तविकारांत खरोखर उपयोगी पडतात. त्या पुण्याईवर स्वमग्नतेचा बाजार उभा राहिला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले की, स्वमग्नतेसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही. मुंबईच्या यश चॅरिटेबल ट्रस्टने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. जानेवारी 2026 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, मान्यताप्राप्त संशोधन-चाचणीबाहेर हा उपचार रुग्णसेवा म्हणून देता येणार नाही.

मग पालकांना गुण येताना दिसतो, तो कसा? 1998 च्या सुमारास अमेरिकेत सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाची अशीच हवा झाली होती. 1999 मध्ये चाचणी प्रसिद्ध झाली. काही मुलांना सिक्रेटिन टोचले, काहींना नुसते मिठाचे पाणी. सुधारणा दोन्ही गटांत सारखीच दिसली. मूल वाढतच असते, आशेने पाहणाऱ्या डोळ्यांना ती वाढ औषधाची वाटते. त्याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. निकाल कळल्यावरही बहुतेक पालकांना ते औषध हवेच होते. याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. 'आम्ही गेल्यावर याचे कसे होणार?' हा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या उशाशी असतो. बाजार त्याला खोटे उत्तर देतो आणि समाज काहीच उत्तर देत नाही. खोट्या उत्तराकडे माणूस वळतो, त्याचे कारण हे आहे.

दवाखान्याला नावे ठेवताना आपले अंगणही पाहिले पाहिजे. ताईत, दम केलेले पाणी, दर्ग्यावरची हाजिरी हे सारे त्या फाईलच्या आधीच होऊन गेलेले असते. श्रद्धेने दुवा मागणाऱ्या आईला मी काय बोलणार? पण 'सावली पडली आहे' म्हणून मुलाला कोंडणे आणि 'तुझेच काही चुकले' म्हणून सुनेला टोचणे ही दुवा नव्हे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या आधाराने चालणाऱ्या एका निवासात आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. ते स्वमग्न नव्हते, मनोरुग्ण होते. पण 'बरा होईपर्यंत बांधून ठेवा' हा विचार आजाराचे नाव विचारत बसत नाही.

याउलट आपल्याकडे सूरह अबसची आठवण आहे. कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू असताना अंध अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) मध्येच आले. प्रेषितांच्या (स.) कपाळावर आठी उमटली आणि त्यावर अल्लाहकडून समज मिळाली. पुढे हेच इब्ने उम्मे मकतूम मदिन्यात मुअज्जिन झाले, हे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण क्रम नीट पाहावा. मुअज्जिन ते नंतर झाले, समज त्याआधी मिळाली होती. त्यांचा मान त्यांच्या उपयोगावर टांगलेला नव्हता आणि आधी दृष्टी येऊ दे, अशीही अट नव्हती.

स्वीकार म्हणजे हात बांधून बसणे, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. वाचेची थेरपी, चित्रांच्या आधारे संवाद, समजून घेणारी शाळा, झोपेच्या किंवा फेफऱ्याच्या त्रासावर योग्य औषध, हे सगळे त्या मुलाचे हक्क आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत स्वमग्नतेची नोंद केली आहे. ते प्रमाणपत्र काढायला एकर विकावा लागत नाही. न्यायालयात गेलेल्या त्याच यश ट्रस्टचे जुहूला 'अर्पण' नावाचे कॅफे आहे. तिथे स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग असलेली प्रौढ माणसे काम करतात. एका हाताने खोटा इलाज अडवायचा आणि दुसऱ्या हाताने जगण्याची जागा तयार करायची, ही मला आईबापांच्या त्या प्रश्नाच्या खऱ्या उत्तराची सुरुवात वाटते. पडद्यावरही काही बदलते आहे. 'सितारे जमीन पर' (2025) मध्ये अशा भूमिका नामवंत नटांनी वठवलेल्या नाहीत. बौद्धिक वेगळेपण असलेले दहा कलाकार स्वतःच कॅमेऱ्यासमोर उभे आहेत. तरी तिथेही सामना आहेच, संघाला काहीतरी करून दाखवायचे आहेच. काहीही करून न दाखवणाऱ्या मुलाची गोष्ट अजून लिहायची राहिली आहे. आपल्या मराठी मुस्लिम लेखकांपैकी कुणीतरी ती लिहावी. मोहल्ल्यातले ते घर आपल्याइतके जवळून कुणी पाहिले आहे?

फाट्यावरचा एक क्षण सांगून थांबतो. हॉटेलातला पोऱ्या खिचडीच्या प्लेटा घेऊन आला. टेबलाच्या कडेला चमच्यांची रांग होती. तो क्षणभर थांबला, रांगेला धक्का न लावता त्याने प्लेटा पलीकडे सरकवल्या आणि आमच्यासाठी दुसरे चमचे आणायला गेला. मुलाने मान वर केली नाही. आईने मात्र फाईल बाजूला ठेवून पहिला घास घेतला.

त्या वडिलांना मी आज भेटलो, तर सरळ सांगेन. भाई, ते ज्याला अच्छा होणे म्हणतात, ते होणार नाही. रान ठेवा. तुमच्यामागे त्याला ते लागेल.