सोबत मोजली कुठे? ‘एम्पॉवर’ चाचणी वाचताना

माझी मावशी दहा वर्षं रात्री अल्प्राझोलाम घ्यायची. एकदा तिने मनाशी ठरवून गोळी एकदम बंद केली. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, झोप उडाली. घरचे म्हणाले, “बघ, तुला गोळी लागतेच.” पुढे डॉक्टरांनी डोस हळूहळू कमी करत नेला. त्या महिन्यांत खालच्या मजल्यावरच्या काकू रोज संध्याकाळी येऊन बसायच्या. त्या स्वतः यातून गेलेल्या. “हे गोळी कमी केल्यामुळे होतंय, जाईल,” एवढंच सांगायच्या. मावशीची गोळी सुटली.

त्यामुळे “समदुःखी माणसांच्या आधाराने गोळी सुटते” असं वाक्य दिसलं की माझं मन लगेच हो म्हणतं. आणि मन लगेच हो म्हणतं, तोच पेपर दोनदा वाचायचा.

या वाक्यासाठी कुणी ‘एम्पॉवर’ चाचणीचा दाखला दिला, तर तो कितपत टिकतो ते बघू. कॅरा टॅनेनबाउम आणि सहकाऱ्यांचा हा पेपर 2014 मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली 30 औषधदुकानं, बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्या दीर्घकाळ घेणारे 65 वर्षांवरचे 303 जण. एका गटाला पुस्तिका मिळाली, दुसऱ्याला नेहमीचीच सेवा. सहा महिन्यांनी पुस्तिकावाल्यांपैकी 27 टक्के लोकांनी गोळी पूर्ण थांबवली होती, दुसऱ्या गटात 5 टक्के. एका पुस्तिकेसाठी हा फरक खरंच मोठा आहे. तो मी कमी लेखत नाही.

आता पुस्तिकेत काय होतं ते बघा. गोळीच्या धोक्यांबद्दल स्वतःची परीक्षा घेणारे प्रश्न, झोपेसाठीचे दुसरे उपाय, गोळी सोडलेल्या एका समवयस्क व्यक्तीची गोष्ट आणि 21 आठवड्यांत डोस उतरवण्याचं वेळापत्रक. सगळं एकत्र दिलं. मग 27 टक्क्यांत गोष्टीचा वाटा किती आणि वेळापत्रकाचा किती? या रचनेतून ते कळूच शकत नाही. पुस्तिका उपयोगी पडली, एवढंच म्हणता येतं. शिवाय छापलेली गोष्ट म्हणजे सोबत नव्हे. रात्री दोन वाजता “मलाच असं होतंय का?” या प्रश्नाला पुस्तिका उत्तर देत नाही.

मला सगळ्यात रोचक वाटली ती वेगळीच बाब. चिठ्ठ्या माणसांच्या नाही, दुकानांच्या टाकल्या होत्या. का? एकाच दुकानात येणारे दोघे एकमेकांशी बोलले, पुस्तिका दाखवली, तर तुलना बिघडते. पद्धतशास्त्रात याला ‘कंटॅमिनेशन’ म्हणतात, म्हणजे भेसळ. निर्णय अगदी बरोबर आहे. पण नीट बघा: काकू मावशीकडे येऊन बसतात, ती या रचनेत भेसळ ठरते. आपल्याला जे मोजायचं होतं, तेच बाहेर ठेवावं लागलं. हा संशोधकांचा दोष नाही, त्यांचा प्रश्नच वेगळा होता. दोष आपला, आपण त्यांच्या उत्तराला आपला प्रश्न चिकटवतो.

मुख्य निकालही दुकानातल्या औषधनोंदींवरून ठरला. गोळी थांबली हे त्यातून कळतं, ते महिने कसे गेले हे कळत नाही. काकूंची सोबत नेमकी तिथेच कामाला आली होती.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये “समदुःखींचा आधार” लिहिण्याआधी ठरवा: गोष्ट वाचणं, गटात बसणं की एका माणसाचं रोज येणं? त्यातून काय बदलावं अशी अपेक्षा आहे: गोळी सुटणं, की सुटेपर्यंत तग धरणं? दुसरं असेल तर मुलाखती आणि रोजनिशी लागतील, नुसत्या नोंदी पुरणार नाहीत.

आणि फील्डवर जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन अचानक बंद केल्या तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. अमेरिकेतली 2025 ची मार्गदर्शक तत्त्वं सुरुवातीला दर 2 ते 4 आठवड्यांनी 5 ते 10 टक्के कपात सुचवतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. काकूंनी डोसबद्दल कधी एक शब्द काढला नाही. त्या फक्त बसायच्या. ते बसणं मोजायचं कसं, हा प्रश्न अजून कुणाच्या तरी पीएचडीची वाट बघतोय.