ग्रे गार्डन्स
एक अमेरिकन अनुबोधपट (१९७५). दिग्दर्शक ॲल्बर्ट मेझल्स, डेव्हिड मेझल्स, एलेन होव्ड व मफी मायर. सु. दीड तासाचा हा रंगीत पट १६ मिमी. फिल्मवर चित्रित केलेला असून छायालेखन ॲल्बर्ट मेझल्सचे व ध्वनिमुद्रण डेव्हिड मेझल्सचे आहे. होव्ड व मायर यांनी सूझन फ्रोमकी हिच्यासह त्याचे संकलन केले.

न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवर ईस्ट हॅम्पटन हे धनिकांचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथील ‘ग्रे गार्डन्स’ नावाच्या जीर्ण हवेलीत ईडिथ यूइंग बूव्हिए बील (१८९५–१९७७) व तिची अविवाहित मुलगी ईडिथ बूव्हिए बील (१९१७–२००२) राहत. ‘बिग ईडी’ व ‘लिटल ईडी’ या नावांनी त्या ओळखल्या जात. राष्ट्राध्यक्ष केनेडींची पत्नी जॅकलिन हिची आई ही आत्या व मुलगी ही आतेबहीण. पतीपासून विभक्त झाल्यावर आईचे उत्पन्न आटत गेले. गायिका होण्याची तिची इच्छा घराण्याला रुचली नव्हती. मुलगी न्यूयॉर्क शहरात नृत्य-नाट्याच्या क्षेत्रात शिरकाव करू पाहत होती; परंतु १९५२ मध्ये ती आईकडे परतली, ती आईच्या मृत्यूपर्यंत तेथेच राहिली. १९७१ मध्ये आरोग्याधिकाऱ्यांनी घराची तपासणी करून ते राहण्यास अयोग्य ठरविले, तेव्हा वृत्तपत्रांतून गवगवा झाला. १९७२ मध्ये जॅकलिन व तिची बहीण ली रॅड्झिविल यांच्या साहाय्याने घराची डागडुजी झाली.

मेझल्स बंधू ‘डायरेक्ट सिनेमा’ या संप्रदायाचे प्रमुख प्रवर्तक होत. निवेदन टाळून घडणारे तसेच टिपावे, हे या संप्रदायाचे तत्त्व. प्रस्तुत पटातही निवेदक नाही. पूर्ववृत्त केवळ वृत्तपत्रांच्या कात्रणांतून सुचविले जाते. मात्र अलिप्त निरीक्षकाची भूमिका येथे टिकत नाही. लिटल ईडी कॅमेऱ्यामागील माणसांशी थेट बोलते, त्यांना लाडीगोडी लावते. बंधूंचे प्रतिबिंबही एका आरशात दिसते. पटाला कथानक नाही. मांजरांचा वावर, छताला पडलेल्या भोकांतून शिरणारे रॅकून, पलंगाशेजारी शिजणारी मक्याची कणसे, जुनी छायाचित्रे आणि ‘आयुष्य कोणी कोणाचे वाया घालविले’ हा न संपणारा वाद यांतूनच तो घडतो. दोघी एकाच वेळी बोलतात, एकमेकींचे शब्द तोडतात आणि तरीही एकमेकींवाचून राहू शकत नाहीत. हे परस्परावलंबन संकलनाने सूक्ष्मपणे उलगडले आहे.

लिटल ईडीची वेशभूषा हा पटाचा सर्वांत गाजलेला विशेष. डोके ती कधीच उघडे ठेवत नाही. स्वेटर, रुमाल वा टॉवेल घट्ट गुंडाळून त्याला ती ब्रूच लावते. प्रौढपणी तिचे केस गळाले होते. आखूड विजारीवरून ओढलेले लांब पायमोजे, त्यांवर गुंडाळलेला स्कर्ट आणि प्रसंगी तोच स्कर्ट खांद्यांवरून केपसारखा घेण्याची सोय, असा आपला पोशाख ती आरंभीच गंभीरपणे समजावून सांगते. टंचाई, व्यंग व हौस यांचा हा मेळ आहे. गुरुवारी तांबडे जोडे घातले तरी या गावात माणसाला धरतील, असे ती म्हणते, तेव्हा पोशाख हे तिच्या लेखी प्रतिष्ठितांच्या शिस्तीविरुद्धचे बंड आहे, हे स्पष्ट होते. पुढे मार्क जेकब्स, जॉन गॅलियानो इ. वेशकारांनी तिच्यापासून स्फूर्ती घेतली. परंतु ज्या अभावातून ही वेशभूषा निपजली तो वगळून केवळ तिचा डौल उचलणे, हे पटाचे अपुरे आकलन होय.

प्रदर्शनानंतर पटावर कठोर टीकाही झाली. दोन असहाय स्त्रियांचे, विशेषतः वृद्धेच्या सैल पडलेल्या देहाचे, प्रदर्शन मांडले आहे, असा आक्षेप घेण्यात आला. उलट, दोघींनी पट पाहून त्याला पसंती दर्शविली होती. संमतीने आक्षेप पूर्णतः मिटत नाही. कारण पटाचे अंतिम रूप त्यांच्या हाती नव्हते. तथापि, त्यांना केवळ दयेचा विषय मानणे हाही अन्यायच ठरतो. गायिका व नर्तिका होण्याची दोघींची आकांक्षा घराण्याने व परिस्थितीने दडपली होती. कॅमेरा हा त्यांना उशिरा लाभलेला प्रेक्षक होता आणि त्याच्यापुढे त्या जाणीवपूर्वक वावरल्या. आई जुनी गीते गाते, मुलगी ध्वज घेऊन नाचते; हे प्रसंग हास्यास्पद व करुण असूनही त्यांतील कलावंताचा अभिमान खरा आहे. एकटीच नाचणाऱ्या लिटल ईडीवर पट संपतो. कीव व कौतुक यांपैकी कोणत्याही एका भावनेत प्रेक्षकाला विसावू न देणे, यातच त्याचे सामर्थ्य आहे.

आईच्या मृत्यूनंतर १९७८ मध्ये लिटल ईडीने न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर गायन-नृत्याचे कार्यक्रम केले. घर न पाडण्याच्या अटीवर तिने ते १९७९ मध्ये विकले. मूळ चित्रीकरणातील उर्वरित भागातून द बील्स ऑफ ग्रे गार्डन्स (२००६) हा पट सिद्ध झाला. याच विषयावर ब्रॉडवेवर संगीतिका (२००६) व दूरचित्रवाणीसाठी कथापट (२००९) निघाला. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत मूळ पटाचा समावेश करण्यात आला.